खोट्या दाखल्यावर न्यायाधीश?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, तालुक्याच्या गावी राहतो. मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने न्यायाधीश व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. हायकोर्टात जागा रिकाम्या असल्याचं वाचतो, पण त्यांची जाहिरात कुठे दिसत नाही. त्यात आता न्यायाधीशपदाच्या परीक्षेला तीन वर्षं वकिलीची अट आली. तिला कोर्टात जायचं आहे, पण तिथलं वातावरण मुलींचं नाही. म्हणून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढून ठेवायची, ओळखीच्या वकिलांकडून वकिली केल्याचा दाखला घ्यायचा आणि तीन वर्षं तिने पुण्यात क्लास करायचा, असं ठरवून मी फी भरली. बरोबर ना?

उत्तर : नाही गुरुजी, बरोबर नाही. परीक्षेचं नंतर बोलू. ‘ओळखीच्या वकिलांकडून दाखला’ हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. उद्या हीच मुलगी खोट्या जामीनदाराला, खोट्या खरेदीखताला दोषी धरणार. तिची खुर्चीच खोट्या कागदावर उभी असेल तर निकाल वाचताना तिच्या मनाचं काय होईल, याचा विचार केलात? आणि नुसती ओळख पुरत नाही. किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा दाखला लागतो, त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं अनुमोदन लागतं. उघडं पडलं तर तिचं करिअर संपेल, त्या वकिलांचीही सनद धोक्यात येईल.

तीन वर्षं वकिलीची अट 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढली होती. कोर्टाची पायरी न चढलेल्या पदवीधरांना थेट न्यायाधीश करण्याचा अनुभव चांगला आला नाही, म्हणून 20 मे 2025 च्या निकालाने ती परत आणली. तीन वर्षं वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची आहेत. तेव्हा पदवी हाती येताच सनदेचा अर्ज करू द्या.

आणि ‘मुलींचं वातावरण नाही’ हे काय? दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे सुरुवातीच्या पदावरची न्यायाधीश, म्हणून तिची नेमणूक अशाच एखाद्या तालुका कोर्टात होईल, तीही घरापासून लांब. रोज सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघणं, पुकारा झाला की फाइल घेऊन उभं राहणं, सीनिअर दुसऱ्या कोर्टात अडकले तर पुढची तारीख मागणारा मुदतीचा अर्ज देऊन न्यायाधीश साहेबांची बोलणी ऐकणं, यातूनच ती घडेल. उलटतपासात खरेदीखतावरची सही दाखवल्यावर साक्षीदार उत्तराआधी क्षणभर थबकतो. ते थबकणं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, उतरत नाही, क्लासच्या नोट्समध्येही नसतं. ते बघायला तिथे असावं लागतं, आणि तिला जायचं आहे! अशी मुलं मला फार कमी भेटतात.

हायकोर्टाच्या जागांबद्दल तुमचा मोठा गैरसमज आहे. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीशांची मंजूर पदं 94 आहेत, पण त्यांची जाहिरात कधीच निघत नाही, अर्ज मागवत नाहीत, परीक्षा नसते. मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून नावं सुचवतात. त्यावर राज्य सरकारचं मत घेतलं जातं, मग केंद्राचं कायदा मंत्रालय, सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम (ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ) आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. यात महिनोन्महिने जातात, कधी नाव परत येतं, म्हणून जागा रिकाम्या राहतात. नाव सुचवलं जायलाही हायकोर्टातली दहा वर्षांची वकिली किंवा दहा वर्षांचं न्यायिक पद लागतं. त्या बातम्यांचा तुमच्या मुलीच्या आजच्या निर्णयाशी काडीचा संबंध नाही.

तिच्यापुढे दोन वाटा आहेत. तीन वर्षांनंतर दिवाणी न्यायाधीशपदासाठी एमपीएससीची पूर्व, मुख्य आणि मुलाखत. किंवा सात वर्षं वकिली करून हायकोर्ट घेतं ती जिल्हा न्यायाधीशपदाची परीक्षा. दोन्हींना कोर्टातले दिवस लागतातच.

तिला जिल्ह्याच्या ठिकाणी दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामं असलेल्या सीनिअरकडे पाठवा. वकीलपत्रावर तिचं नाव येऊ द्या, कोणत्या तारखेला कोणत्या प्रकरणात उभी राहिली याची डायरी तिने ठेवावी. पहिली दोन वर्षं हातात फारसं काही पडणार नाही. तिथे मात्र तुमची पेन्शन तिच्या मागे उभी करा. आणि क्लासवाल्यांना आजच फोन करून विचारा, भरलेल्या फीमध्ये रविवारची बॅच मिळते का.