दिव्यांगांचे फ्लॅट: आधी बाथरूम बघा

पाच-सहा कुटुंबांनी मिळून दिव्यांग मुलांसाठी शेजारी-शेजारी फ्लॅट घ्यायचे आणि काळजीवाहक ठेवायचा, अशी पत्रं वाढली आहेत. शंका मात्र त्याच त्या.

लिफ्ट आहे. तरी तळमजलाच घ्यावा का?

हो. आग लागली की लिफ्ट वापरता येत नाही.

बिल्डर म्हणतो, रॅम्प नंतर करून देऊ.

नंतर म्हणजे कुठे? उतार १:१२ हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं, म्हणजे इमारतीचा पाया जमिनीवर जेवढा उंच, ते दीड फूट असेल तर रॅम्पच अठरा फूट, सपाट जागा वेगळी. पार्किंग विकून झाल्यावर एवढी जागा कोण देणार? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे, नियम न पाळलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. मंजूर नकाशात रॅम्प बघा, आपल्या आर्किटेक्टला दाखवा, मगच टोकन द्या.

'दिव्यांगस्नेही' बाथरूमचे जादा पैसे मागतात. द्यावेत का?

कसले? परवा अशाच एका सॅम्पल फ्लॅटमध्ये कमोडजवळचा, धरून उठायचा चकचकीत बार मी नुसता ओढला. स्क्रूच्या प्लास्टिक प्लगसकट हातात आला! हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साध्या प्लगवर बार टिकत नाही. मागे काँक्रीट किंवा पक्कं बांधकाम लागतं, आणि ते टाइल लावण्याआधी. तिथेच दार आत उघडत होतं. आतला माणूस दारामागे पडला तर त्याला बाहेर कसं काढणार? दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, मोकळी रुंदी तीन फूट. आत व्हीलचेअर वळायला पाच फुटांचं वर्तुळ. उंबरा नको, पाणी उताराने जातं, उंबऱ्याने नाही, हे प्लंबरला दहादा सांगावं लागतं. बार कोणत्या बाजूला, किती उंच, हे मात्र कॅटलॉगवरून ठरवू नका. राहणाऱ्याला आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे तज्ज्ञ) जागेवर न्या, भिंतीवर खडूने खुणा करून घ्या.

मुलगा २३ वर्षांचा, स्वमग्न. नातेवाईक म्हणतात, आईवडील आपोआप पालक असतात. त्याच्या वतीने सही आम्हीच करू.

अठरा पूर्ण झाल्यावर आपोआप काही नसतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. पाच वर्षं आधीच गेली आहेत. या आठवड्यात वकील गाठा, बुकिंग त्यानंतर.

टाइल मॅट की ग्लॉसी?

मॅट. नमुना घरी आणा, साबणाचं पाणी ओता, अनवाणी उभे राहून बघा.