ठाण्याहून वांद्र्याच्या मोतमावलीला, म्हणजे टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चला, कधी जावे, आणि तिथून समुद्र नीट दिसतो का?

शांत दर्शन आणि समुद्र दोन्ही हवे असतील, तर जत्रेचा आठवडा वगळून पावसाळ्यानंतरच्या एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी लवकर जावे, कारण ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर भरणाऱ्या जत्रेत त्या टेकडीवर पाय ठेवायलाही जागा नसते. मी ठाण्यातच राहतो आणि दादरला गाडी बदलून, वांद्रे पश्चिमेहून रिक्षाने जातो. स्वतःची गाडी नेणे टाळावे, कारण वरचे रस्ते अरुंद आहेत. सध्याची इमारत १९०४ची असली, तरी आतली मरियमची मूर्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. बाहेरच्या दुकानांत हात, पाय, घर, तान्हे बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू मिळतात. ज्याचा नवस असेल ती वस्तू भाविक अर्पण करतात, आणि त्यांत हिंदूही पुष्कळ असतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असताना मात्र आत फिरू नये, छायाचित्रे तर मुळीच काढू नयेत. समुद्राचे म्हणाल, तर चर्चपाशी वारा भरपूर लागतो, पण वांद्रे-वरळी सागरी सेतूसह मोकळे दृश्य हवे असल्यास खाली उतरून १६४०मध्ये पोर्तुगिजांनी बांधलेल्या वांद्रे किल्ल्यावर जावे.