डिक ट्रेसीचे जुने कृष्णधवल चित्रपट पाहायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

१९४५च्या 'डिक ट्रेसी'पासून करा. डिक ट्रेसी या पोलीस गुप्तहेराची चेस्टर गूल्डने काढलेली चित्रपट्टी (चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कथा) अमेरिकी वृत्तपत्रांत १९३१ साली सुरू झाली. त्यावर आधी रिपब्लिक या चित्रपट कंपनीने चार मालिकापट (भागाभागांत दाखवले जाणारे चित्रपट) काढले, पण त्यांत ट्रेसी शहर पोलिसांतला न राहता थेट केंद्रीय तपास यंत्रणेचा माणूस होतो. ते नंतर पाहिले तरी चालतील.

आरकेओ या हॉलिवूडच्या कंपनीने १९४५ ते १९४७ या काळात चार चित्रपट केले, प्रत्येक जेमतेम तासाभराचा. पहिल्यात मॉर्गन कॉनवे ट्रेसी आहे. चेहऱ्यावर तिरका व्रण असलेला स्प्लिटफेस आपल्याला शिक्षा देणाऱ्या ज्यूरींना एकेक करून गाठतो. ती भूमिका माइक माझुर्की या माजी कुस्तीगिराने केली आहे. बजेट तुटपुंजं, पण ओले रस्ते, अर्धवट उजेडातले जिने आणि सावल्या यांतून जी दहशत तयार होते ती मला आजही पकडून ठेवते. कॉनवे चित्रपट्टीतल्या धारदार नाकाच्या ट्रेसीसारखा दिसत नाही हे खरं, तरी थकलेला, चिकाटीचा पोलीस म्हणून तो मला पटतो. बऱ्याच चाहत्यांना मात्र मालिकापटांतला राल्फ बर्डच खरा ट्रेसी वाटतो, आणि शेवटच्या दोन चित्रपटांत तोच परत आला.

त्यानंतर थेट 'डिक ट्रेसी मीट्स ग्रूसम' बघा. बँकेतल्या माणसांना जागच्या जागी गोठवणारा वायू आणि खलनायकाच्या भूमिकेत भयपटांतला प्रसिद्ध नट बोरिस कार्लोफ! कथा तर्काला धरून नाही, पण कार्लोफसाठी पाहायलाच हवा.