बोटीचा पंखा: नवा घ्यायचा की दुरुस्त करायचा?

हडपसरला राहणाऱ्या एका वाचकाने विचारलंय. त्यांचे धाकटे भाऊ भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात पक्षी दाखवायला बोट चालवतात. बोट दोघांच्या पैशांतली, इंजिन आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं. परवा पंखा पाण्याखालच्या दगडावर आपटला. एक पातं टोकाकडे वाकलंय, दुसऱ्याचा कोपरा उडालाय. डीलर म्हणतो, ओरिजिनल अॅल्युमिनियमचा नवा पंखा 24,000, आणि "कायमचा प्रश्न मिटवायचा" तर स्टीलचा 45,000. भोसरीतला एक वर्कशॉपवाला सरळ करून, वेल्डिंग आणि बॅलन्सिंगसकट 6,500 सांगतो, वेळ आठ दिवस. नवा घ्यायचा झाला तर पतसंस्थेकडून 14 टक्क्यांनी वर्षभरासाठी कर्ज काढायचा विचार आहे. काय करावं?

माझं मत: दुरुस्त करा. पण 24,000 वजा 6,500 म्हणजे 17,500 वाचले, असा हिशेब मात्र करू नका.

दुरुस्तीचा खर्च बिलावर संपत नाही. बोट आठ दिवस बांधून राहिली तर एक शनिवार-रविवार जातो. तुम्हीच लिहिलंय की एका शनिवार-रविवारी मिळून आठ फेऱ्या होतात आणि पेट्रोल, चहापाणी वजा जाता फेरीमागे 800 हातात राहतात. म्हणजे 6,400 गेले. दुरुस्ती खरं तर 12,900 ला पडली. त्यात वर्कशॉपवाल्याचे आठ दिवस म्हणजे पंधरा धरायचे, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मग आकडा 19,300 वर जातो. हेच डिसेंबरात झालं असतं आणि डीलर चार दिवसांत माल देत असता, तर मी उलट सल्ला दिला असता: नवा बसवा, जुना सावकाश दुरुस्त करून जोडीला ठेवा. पण आता मार्च सरत आलाय. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे गर्दीचे फार तर दोन आठवडे उरलेत. बोट तशीही पुढचे काही महिने काठावरच राहणार, त्यामुळे वेळ आज स्वस्त आहे.

कर्जाचं म्हणाल तर व्याज फार नाही. 24,000 ला वर्षभरात साधारण 1,850 रुपये जातील. माझा आक्षेप हप्त्याच्या तारखांवर आहे. महिन्याला 2,150 च्या आसपासचा हप्ता जून, जुलै, ऑगस्टलाही येणार आणि तेव्हा बोटीची कमाई शून्य. म्हणजे तो तुमच्या पगारातून जाणार. भावाच्या धंद्याचा हप्ता मोठ्या भावाच्या खात्यातून जायला लागला की पुढे काय होतं ते घरोघरी माहीत आहे. हंगामी कमाईवर बारमाही हप्ता घेऊ नका.

स्टीलच्या पंख्याचा विचार सोडा. उघड्या, खोल पाण्यात त्याचे फायदे आहेत, तो झिजतही कमी. पण उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, आणि तसेच बुडालेल्या गावांचे चौथरे, भिंती पाण्याच्या जेमतेम खाली उभे असतात. अशा ठिकाणी पातं वाकलेलं परवडतं. अॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे दणका बराचसा पात्यातच जिरतो. स्टीलचं पातं सहजी वाकत नाही, मग तोच दणका शाफ्ट आणि गिअरकडे जातो, आणि तिथलं बिल पंख्याच्या कितीतरी पट.

आता दुरुस्ती कुठल्या अटींवर, ते नीट वाचा, कारण 6,500 कामी येणार की वाया जाणार हे इथे ठरतं. पात्याच्या बुडाशी, म्हणजे जिथे ते मधल्या नळकांड्याला जोडलेलं असतं तिथे, चीर दिसली तर दुरुस्ती नको. तो पंखा भंगारात. तुमच्या वर्णनावरून मार टोकाकडे आहे, म्हणून मी हो म्हणतोय. हा पंखा याआधी एकदा तापवून सरळ केलेला असेल तरी माझा सल्ला बदलेल, कारण अॅल्युमिनियम पुन्हा पुन्हा तापवून वाकवलं की कमजोर होतं. पंखा आणि शाफ्ट यांना जोडणारा आतला रबरी बुशही बघून घ्या. मार्करने आतल्या बुशपासून बाहेरच्या नळकांड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा, बोट जोर देऊन चालवा आणि बंद करून बघा. रेघ तुटून दोन तुकडे पुढे-मागे सरकलेले दिसले तर बुश घसरतोय. मग इंजिन नुसतं ओरडतं, बोट पुढे सरकत नाही. तसं असेल तर बुशचा खर्च धरून नवं कोटेशन घ्या.

वर्कशॉपवाल्याला नुसतं "सरळ करून दे" सांगू नका. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास आणि दुसरा पिच (पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकायला हवा ते अंतर), दोन्ही इंचांत. सगळी पाती त्याच पिचला आणली आणि बॅलन्स केला, हे बिलावर लिहून घ्या. भोसरीत पंपाचे इंपेलर, म्हणजे आतले पंखे, बॅलन्स करणारे पुष्कळ आहेत, त्यांना काम येतं. पण पिच मोजायची सोय आहे का, हे आधी विचारा. पात्यांत फरक राहिला की थरथर येते, थरथरीने शाफ्टचं सील जातं, सीलमधून पाणी गिअरमध्ये जातं. पंखा काढलेलाच आहे तर शाफ्ट वाकलाय का ते फिरवून बघा, मागे मासेमारीची तंगूस गुंडाळली गेली असेल तर काढा, आणि गिअर ऑइलचा थेंब बोटावर घ्या. दुधाळ चहासारखा दिसला तर पाणी शिरलेलं आहे. तेव्हा पंख्याआधी सीलचं काम करा. दुरुस्तीनंतर पूर्ण थ्रॉटलला इंजिनचे फेरे कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत येतात का, हे तपासून मगच शेवटचे पैसे द्या.

डीलरने "बिल घ्या, टॅक्स वाचेल" असंही सांगितलंय म्हणे. भावाचं उत्पन्न कर लागण्याइतकं नाही, जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे त्याला भरलेला जीएसटी परतही मिळणार नाही. करासहितचे आकडे समोर ठेवा, बाकी विसरा.

हातात राहिलेल्या पैशांतून आधी लाइफ जॅकेट मोजा, फाटकी बदला. मे 2024 मध्ये याच जलाशयात कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले.

मग राहिला जोडीचा पंखा. दुसऱ्या कंपनीचा, पण तुमच्या इंजिनला बसणारा अॅल्युमिनियमचा पंखा 13,000 ला मिळतो असं तुम्हीच लिहिलंय. तो दिवाळीपूर्वी घ्या, रोखीने. पुढच्या हंगामापासून भावाने प्रत्येक फेरीमागे 100 रुपये वेगळ्या खात्यात टाकावेत. वीस आठवडे, आठवड्याला आठ फेऱ्या धरल्या तर 16,000 होतात, आणि तुम्ही घातलेले 13,000 त्याच हंगामात तुम्हाला परत मिळतात. खातं भावाच्या एकट्याच्या नावावर नको, दोघांच्या नावावर उघडा. पंखा सुटून पाण्यात पडला तर वर्कशॉपवाला काही करू शकत नाही, तेव्हा नट आणि पिनचा एक जास्तीचा सेट त्याच वेळी घेऊन बोटीतच ठेवा. शे-दोनशेचं काम आहे.