लाईट गेली की मीटर उडी मारतो

प्रश्न: ताई, विहिरीवरची मोटर किती तास चालली ते मोजायला मी अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर मीटर बनवलाय. एकूण सेकंद दर 10 सेकंदांनी ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाईट गेली तरी आकडा जपणाऱ्या मेमरीत, ‘पुट’ या कमांडने सेव्ह करतो. तीन महिने मस्त चाललं, आता लाईट जाऊन आली की आकडा दोन-तीन मिनिटं पुढेमागे होतो. बोर्ड खराब झाला का? आणि त्या नवीन एफरॅम, रीरॅम वगैरे मेमरी आपल्याला वापरता येतात का?

उत्तर: बोर्ड ठीक आहे हो, ईईप्रॉमचा एकच बाईट (आकडा ठेवायचा छोटा कप्पा) झिजलाय. उनोवरच्या चिपमध्ये एका जागी 1 लाख वेळा लिहायची हमी असते, आणि मोटर रोज 8 तास चालली तर तुमचं दिवसाला 2,880 वेळा लिहून होतं, म्हणजे हमी साधारण 35 दिवसांत संपली, त्यानंतर जे चाललं ते नशिबाने. ‘पुट’ फक्त बदललेले बाईट लिहितं, त्यामुळे तुमच्या आकड्याच्या चार बाईटपैकी सगळ्यात खालचा बाईट दर वेळी घासला गेला आणि वरचे तीन अजून धडधाकट आहेत. खालच्या बाईटमध्ये जास्तीत जास्त 255 सेकंद मावतात, म्हणजे सव्वाचार मिनिटं, म्हणून उडी तेवढ्याच्या आतच असते बघा!

एफरॅम, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक मेमरी, आजच वापरा, माझं स्पष्ट मत आहे. फुजित्सूची एमबी85आरसी256व्ही ही 32 केबीची चिप घ्या, तयार मॉड्यूल मिळतं. मॉड्यूलची एसडीए (डेटाची तार) बोर्डच्या ए4ला, एससीएल (क्लॉकची तार) ए5ला, 5 व्होल्ट आणि ग्राउंड, झालं. तिच्यात एका बाईटला 1 लाख कोटी वेळा लिहा-वाचायची मुभा आहे, दर मिलिसेकंदाला लिहिलं तरी 31 वर्षं जातील. शिवाय ईईप्रॉमला एक बाईट लिहायला 3 मिलिसेकंदांवर वेळ लागतो आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली तर घोळ होतो, इथे ते थांबणंच नाही. नावात ‘फेरो’ असलं तरी आत लोखंड नसतं, चुंबकाची भीती बाळगू नका.

रीरॅमचं म्हणाल तर स्कायवॉटर या अमेरिकन चिप कारखान्याची चिप बनवायची 130 नॅनोमीटरची प्रोसेस 2020 मध्ये गूगलसोबत सगळ्यांसाठी ओपन झाली, तिच्या फाइल्समध्ये रीरॅमपण आहे, पण ते स्वतः चिप डिझाईन करणाऱ्यांसाठी, तुमच्या मीटरला त्याची गरज नाही.

सर्किट मात्र किकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून सगळ्यांसाठी खुलं ठेवा हं, कारण या एफरॅमचे आठही पाय नेहमीच्या 24सी256 ईईप्रॉमसारखेच असतात, ज्याला जी मिळेल ती त्याच जागेवर बसवता येईल. आणि कोडमध्ये आकडा दोन जागी आलटून पालटून लिहा, सोबत अनुक्रमांक आणि चेकसम (आकडा नीट लिहिला गेला का ते तपासायची खूण), कारण चार बाईटपैकी दोनच लिहून झाले आणि लाईट गेली असं एफरॅमवरही होऊ शकतं, मग चालू होताना ज्याचा चेकसम जुळतो त्यातला नवा आकडा उचलायचा.