बिकॉज, सिन्स, ॲज की फॉर?

प्रश्न असा : या चारही इंग्रजी शब्दांना कोशात ‘कारण’ हाच अर्थ दिसतो, मग कुठे कोणता घालायचा?

ऐकणाऱ्याला कारण आधीच ठाऊक आहे का, हे आधी बघावं. ठाऊक नसेल, किंवा कारण हीच वाक्यातली मुख्य बातमी असेल, तर ‘बिकॉज’. ‘व्हाय’ विचारल्यावर नुसतं ‘सिन्स आय वॉज इल’ असं उत्तर कोणी देत नाही. ‘ओन्ली’सुद्धा ‘बिकॉज’शीच जुळतो.

‘सिन्स’ आणि ‘ॲज’ कारण उघड आहे असं धरून चालतात, म्हणून बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतात. ‘सिन्स यू आर हिअर, लेट्स बिगिन’ म्हणजे ‘आलाच आहात तर सुरू करू या’. मराठीत इथे ‘कारण’ फिरकतही नाही, ‘च’ आणि ‘तर’ मिळून काम उरकतात. दोन्ही शब्दांना काळाचाही अर्थ आहे, तेवढं जपावं. ‘ॲज ही वॉज लीव्हिंग, आय लॉक्ड द डोअर’ : तो निघत होता म्हणून, की निघत असताना? शाळेच्या रजेच्या अर्जातल्या ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर’मध्ये हा घोळ नाही, खुशाल लिहा.

‘फॉर’ बोलण्यात जवळजवळ नाहीच. तो पुस्तकी, आणि मुख्य विधानाच्या आधी येत नाही. बऱ्याचदा तो कारणापेक्षा पुरावा देतो : ‘इट मस्ट हॅव रेन्ड, फॉर द रोड इज वेट.’ रस्ता ओला असल्यामुळे काही पाऊस पडत नाही! ज्याअर्थी रस्ता ओला, त्याअर्थी पाऊस पडला असणार, असं हे अनुमान. बोलताना हेच काम किंचित थांबून म्हटलेला ‘बिकॉज’ करतो.

खरी गंमत नकारात आहे. ‘ही डिडन्ट मॅरी हर बिकॉज शी वॉज रिच.’ ती श्रीमंत होती म्हणून त्याने लग्न केलं नाही? की लग्न केलं, पण पैशासाठी नव्हे? दोन्ही अर्थ निघतात. ‘बिकॉज’आधी स्वल्पविराम दिला तर पहिल्याकडे कल जातो. ‘सिन्स’ घातला तर दुसरा अर्थ उरतच नाही, लग्न मोडलंच म्हणायचं.