थप्पी उभी राहील की नाही, हे रोबोटला कसे कळते?

वाचकांचे प्रश्न

रोबोटने कंटेनर भरताना ठेवलेली वस्तू जागेवर राहील की कलंडेल, हे आधीच ओळखता येते का, असे विचारणारी चार पत्रे गेल्या दोन महिन्यांत गोव्यातून आली. या वेळी इतर विषय बाजूला ठेवून त्यांनाच उत्तरे देत आहे. पत्रांतला आवश्यक तेवढाच भाग खाली दिला आहे.

प्रश्न : आमच्या औषधनिर्मिती कारखान्याच्या गोदामात कार्टन रचण्यासाठी रोबोट बसवला आहे. मी वीस वर्षे थप्प्या लावून घेतल्या आहेत. मला जी जागा उत्तम दिसते ती रोबोट पुष्कळदा नाकारतो आणि पोकळी सोडून पुढे जातो. उलट एकदा त्याने स्वतः पसंत केलेल्या जागी खोका ठेवला आणि दोन थर कोसळले. तो नक्की काय तपासतो? (एक वाचक, वेर्णा)

उत्तर : आपण लिहिलेल्या दोन्ही प्रसंगांचे मूळ एकच असावे. अशी बरीच यंत्रे ‘हा खोका इथे टिकेल का’ एवढेच विचारतात; खरे तर ‘हा खोका ठेवल्यावर सगळी थप्पी टिकेल का’ असे विचारायला हवे.

यंत्राला काय दिसते ते आधी पाहू. वर बसवलेला, अंतर मोजणारा कॅमेरा कंटेनरमधल्या प्रत्येक ठिकाणची उंची टिपतो आणि त्यातून उंचीचा नकाशा तयार होतो. नव्या खोक्याचा तळ त्या नकाशावर ठेवून पाहिला की तळाचा किती भाग टेकतो आणि कोणते कोपरे अधांतरी राहतात, हे काढता येते. त्यावरून निर्णय घेण्यासाठी ठोकताळे वापरतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एएएआय या परिषदेत २०२१ साली मांडलेल्या एका संशोधनातला ठोकताळा असा आहे : तळाचा ६० टक्क्यांहून अधिक भाग आणि चारही कोपरे टेकलेले असावेत, किंवा ८० टक्क्यांहून अधिक भाग आणि तीन कोपरे, किंवा कोपऱ्यांचा विचार न करता ९५ टक्क्यांहून अधिक भाग. आपल्या यंत्रात कोणता नियम आहे हे पुरवठादाराकडून लेखी मागून घ्यावे. ते मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि ते कळल्याशिवाय यंत्राच्या कोणत्याही निर्णयाची चिकित्सा करता येणार नाही.

नाकारलेल्या जागेचे उदाहरण घेऊ. दोन खोक्यांमध्ये ४० सेंटीमीटरची फट आहे आणि त्यांवर ६० सेंटीमीटर लांबीचा खोका पुलासारखा ठेवायचा आहे. दोन्ही टोकांना १०-१० सेंटीमीटर मिळून तळाचा फक्त एक तृतीयांश भाग टेकतो, त्यामुळे वरच्या ठोकताळ्यात ही जागा बाद होते. प्रत्यक्षात खोका ताठ असेल आणि माल आत सारखा भरलेला असेल तर तो पडणार नाही. खरी कसोटी क्षेत्रफळाची नसून ओळंब्याची आहे. चिऱ्यांची भिंत बांधणारा गवंडी ज्या ओळंब्यावर विसंबतो तोच इथेही लागतो : खोक्याच्या गुरुत्वमध्यातून सोडलेली उभी रेषा, जिथे जिथे तळ टेकतो त्या सर्व बिंदूंना बाहेरून वेढणाऱ्या आकृतीच्या आत पडली पाहिजे. आपली नजर हेच पाहते, म्हणून आपल्याला जागा योग्य वाटते.

आता कोसळण्याकडे येऊ. १० किलो वजनाचा, ६० सेंटीमीटर लांबीचा एक खोका थराच्या कडेबाहेर डोकावतो आहे. त्याचा डावीकडचा ३६ सेंटीमीटर भाग टेकलेला आहे आणि २४ सेंटीमीटर भाग अधांतरी आहे. गुरुत्वमध्य डाव्या टोकापासून ३० सेंटीमीटरवर, म्हणजे कडेच्या ६ सेंटीमीटर आत असल्याने खोका उभा राहतो. आता त्याच्या माथ्याच्या उजव्या अर्ध्या भागावर ३० सेंटीमीटर लांबीचा, १० किलोचाच दुसरा खोका ठेवा. या दुसऱ्या खोक्याचा तळ १०० टक्के टेकलेला आहे आणि चारही कोपऱ्यांना आधार आहे, म्हणजे त्याच्यापुरते पाहिले तर यापेक्षा सुरक्षित जागा नाही. पण त्याचा मध्य ४५ सेंटीमीटरवर येतो आणि दोघांचा मिळून गुरुत्वमध्य ३७.५ सेंटीमीटरवर, म्हणजे आधाराच्या दीड सेंटीमीटर बाहेर जातो. दोन्ही खोके एकत्र खाली येतील. हाच खोका डाव्या अर्ध्या भागावर ठेवला असता तर एकत्रित गुरुत्वमध्य २२.५ सेंटीमीटरवर आला असता आणि खालचा खोका पहिल्यापेक्षा अधिक घट्ट बसला असता. वरचे वजन थप्पी पाडते तसेच सावरतेही, आणि फक्त नव्या खोक्याकडे पाहणाऱ्या नियमाला यांपैकी काहीच दिसत नाही.

वरच्या ठोकताळ्यातल्या पहिल्या अटीत ही उणीव नाही. चारही कोपरे खरोखर टेकलेले असले तर खोक्याच्या माथ्यावर कुठेही वजन ठेवा, ते आधाराच्या आतच पडते. धोका पुढच्या दोन सवलतींत आहे, आणि केवळ क्षेत्रफळ मोजणाऱ्या नियमांत तर फारच आहे.

‘खरोखर टेकलेले’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. कॅमेऱ्याच्या मोजणीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. नकाशात चार कोपरे टेकलेले दिसतात, पण प्रत्यक्षात एक खोका किंचित बुटका असतो आणि सगळा भार तिघांवरच येतो. अंगणातले चारपायी टेबल डुगडुगते तशीच ही अवस्था असते. आपला हमाल खोका ठेवल्यावर तळव्याने हलकेच दाबून पाहतो, आणि डुगडुगला तर फिरवतो किंवा खाली पुठ्ठा सारतो. रोबोटच्या मनगटात बल मोजणारा संवेदक असेल तर त्यालाही हे शिकवता येते. त्याच संवेदकाने खोका उचलतानाच वजन कळते, आणि पकडीवर येणाऱ्या पिळावरून आतला माल एका बाजूला सरकला आहे का हेही काढता येते. सिरपच्या बाटल्यांचा अर्धवट भरलेला कार्टन बाहेरून पूर्ण भरलेल्यासारखाच दिसतो, म्हणून ही मोजणी मला अत्यावश्यक वाटते. रोबोट मागवताना पहिला प्रश्न वेगाचा नको, या संवेदकाचा असावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला आहे. प्रकल्पासाठी स्थैर्याचे भाकीत करणारी प्रणाली करायची आहे. भौतिकीचे गणित, संगणकावरचे सिम्युलेशन आणि यंत्रशिक्षण यांपैकी काय निवडावे? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : तिघांपैकी एक निवडू नका, तिघांना क्रमाने कामाला लावा. त्यासाठी प्रत्येकाचे सामर्थ्य कुठे संपते हे माहीत हवे.

भौतिकीतले स्थितिकीचे, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांचे, गणित असे मांडतात : जिथे जिथे दोन खोके टेकतात तिथे एक अज्ञात बल धरायचे, ते फक्त ढकलू शकते, ओढू शकत नाही, आणि आडवे बल घर्षणाच्या मर्यादेतच राहते. या अटी पाळून प्रत्येक खोक्याचा समतोल साधणारा बलांचा एखादा संच सापडतो का, हे रेषीय प्रायोजनाने, म्हणजे दिलेल्या अटींत बसणारे उत्तर शोधणाऱ्या गणिती पद्धतीने, तपासता येते. संच अस्तित्वातच नसेल तर ती थप्पी उभी राहू शकत नाही. संच सापडला तर ती बहुधा उभी राहील, पण घर्षणावर भिस्त ठेवणाऱ्या रचनेत तेवढ्याने पूर्ण खात्री होत नाही. कोणत्या कोपऱ्यावर नेमके किती बल आहे, हे ताठ खोक्यांच्या गणितातून एकमेव उत्तराच्या रूपात मिळत नाही. ते आपल्या सोडवणुकीतल्या चुकीमुळे होते असे समजू नका. ती प्रश्नाचीच प्रकृती आहे.

सिम्युलेशनसाठी बुलेट आणि मुजोको ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. मुजोकोचा स्रोत २०२२ साली सर्वांसाठी खुला झाला. मात्र एकदाच चालवून ‘उभी राहिली’ असा निष्कर्ष काढू नका. वजन, गुरुत्वमध्य, घर्षण आणि खोक्याची जागा थोडी थोडी बदलून तीच थप्पी शंभर वेळा रचा आणि किती वेळा पडते ते मोजा. एकही खोका न बदलता शंभरपैकी तीस वेळा पडणारी थप्पी आणि एकदाही न पडणारी थप्पी, या दोन्हींचे पहिले चित्र सारखेच दिसू शकते. आपल्याला हवे असलेले भाकीत या मोजणीत आहे.

आता यंत्रशिक्षण. फेसबुकच्या संशोधकांनी २०१६ साली लाकडी ठोकळ्यांचे मनोरे पडतील का, हे चित्रावरून ओळखणारे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) सिम्युलेशनच्या चित्रांवर शिकवले आणि खऱ्या ठोकळ्यांच्या छायाचित्रांवर तपासले. अशा नेटवर्कचा मोठा गुण वेग हा आहे. एका खोक्यासाठी शेकडो संभाव्य जागा असतात आणि प्रत्येकीचे शंभर वेळा सिम्युलेशन करायला रोबोटकडे वेळ नसतो. म्हणून नेटवर्कने शेकडो जागांतून दहा-वीस निवडाव्यात, त्यांना स्थितिकीची चाळणी लावावी, आणि उरलेल्या दोन-तीन जागांचेच सिम्युलेशन करावे.

दोन सापळ्यांपासून सावध राहा. खोके वाटेल तसे ठेवून नमुने तयार केले तर त्यांतले बहुतेक पडलेलेच असतील. समजा दहापैकी नऊ पडले, तर सगळ्यांनाच ‘पडेल’ म्हणणारे निरुपयोगी नेटवर्क ९० टक्के अचूक ठरेल! म्हणून प्रबंधात एकच टक्केवारी न देता दोन प्रकारच्या चुका वेगळ्या लिहा. टिकणारी जागा नाकारली तर थोडी पोकळी वाया जाते. पडणारी जागा स्वीकारली तर माल फुटतो आणि माणूस जखमी होऊ शकतो. या दोन चुकांना सारखेच वजन देणारा परीक्षक भेटला तर त्याच्याशी नम्रपणे, पण ठामपणे वाद घाला.

प्रश्न : आमच्याकडून गेलेला कंटेनर भरताना अगदी नीट होता, छायाचित्रेही आहेत. ग्राहकाने दार उघडताच खोकी अंगावर आली. दोष रचणाऱ्या यंत्राचा की वाहतुकीचा? (एक वाचक, वास्को)

उत्तर : आपल्या कंटेनरविषयी निवाडा देणे दुरून शक्य नाही, पण एक गोष्ट निश्चित सांगतो. छायाचित्रातली थप्पी स्थिर जमिनीवर उभी आहे, आणि रोबोटने केलेले भाकीतही सहसा तेवढ्यापुरतेच असते. पुढचा प्रवास चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या वळणांवरून होतो, नाहीतर मुरगाव बंदरातून समुद्रावर होतो, आणि तिथे वजनाखेरीज आडवी बलेही येतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपविषयक आर्थिक आयोग यांनी मिळून २०१४ साली कंटेनर भरण्याची संहिता प्रसिद्ध केली. तिच्यानुसार रस्त्यावर पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना ०.५ पट बल गृहीत धरावे लागते. खवळलेल्या समुद्रावर बाजूंचे बलही ०.८ पटीपर्यंत धरतात.

साधा हिशेब करून पाहा. एकावर एक रचलेल्या खोक्यांचा स्तंभ २ मीटर उंच आणि ४० सेंटीमीटर रुंद असेल, तर रुंदी भागिले उंची ०.२ येते. याचा अर्थ वजनाच्या ०.२ पटीहून अधिक आडवे बल आले की एकटा उभा असलेला स्तंभ कलंडतो. रस्त्यावरचे ०.५ त्याच्या अडीच पट आहे. त्यामुळे शेजारच्या स्तंभाचा, भिंतीचा किंवा पट्ट्यांचा आधार नसेल तर तो स्तंभ प्रवासात उभा राहील अशी अपेक्षाच ठेवता येत नाही. कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. १.२ आणि १ मीटरची पॅलेट, म्हणजे माल रचायच्या बैठका, शेजारी शेजारी ठेवली की सुमारे १५ सेंटीमीटरची फट उरते, आणि ती हवेच्या पिशव्यांनी किंवा लाकडाने भरली नाही तर सगळा माल तिच्यात झुलत राहतो. दाराकडच्या शेवटच्या रांगेला तर पुढे दाराशिवाय दुसरा आधारच नसतो. तिथे जाळी किंवा पट्टे लावलेले होते का, हे आपल्या छायाचित्रांत आधी पाहा.

दुसरी शंका दमटपणाची आहे. नालीदार पुठ्ठा ओलावा शोषून मऊ होतो आणि त्याची भार पेलण्याची ताकद बरीच घटते. पुठ्ठ्याच्या खोक्यात भाराचा मोठा वाटा कोपरे उचलतात. वरचा खोका कोपऱ्यावरून सरकून मध्यावर आला की तळचा खोका हळूहळू दबतो आणि सरळ थप्पी तिरपी होते. जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडे भरलेल्या कंटेनरसाठी कोरड्या प्रयोगशाळेतले आकडे वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्याकडे नारळाची पोती आणि मानकुराद आंब्याच्या पेट्या एकाच गाडीत भरतात. हे काम रोबोट करू शकेल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : एकाच मापाच्या, एकाच मालाच्या पोत्यांच्या ठरावीक थप्प्या यंत्रे कधीपासून लावत आहेत. आपल्या गाडीतला मिश्र माल अवघड आहे. पोते ठेवल्यावर त्याचा आकार बदलतो, आतले नारळ घरंगळून गुरुत्वमध्य सरकतो, आणि ठेवण्यापूर्वी टिपलेला उंचीचा नकाशा लगेच जुना होतो. अशा मालात प्रत्येक वस्तू ठेवल्यावर कॅमेऱ्याने पुन्हा पाहावे लागते, आणि पुढची जागा त्यानंतरच ठरवावी लागते. आंब्याच्या बाबतीत तर थप्पी उभी राहिली तरी तळच्या पेटीतले फळ दबू शकते. पेटीच्या कडा वरचे सगळे वजन उचलत असतील आणि फळे काठाच्या खाली राहत असतील, तरच वर दुसरी पेटी चढवावी. पोती मात्र नेहमी खाली आणि पेट्या वर राहू द्याव्यात; पोत्यांवर फळी टाकल्याशिवाय पेटी ठेवू नये.